ताम्हणातले नाव आणि पारपत्रावरचे नाव

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागले की तळ्याच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली जी वस्ती लागते, तिला सारे जग कळंबा म्हणते. महसुली दप्तरात मात्र तिचे नाव 'कळंबे तर्फ ठाणे' असे आहे. करवीर तालुक्यातच कळे भागात दुसरे एक कळंबे असल्यामुळे दप्तराला असा भेद करावा लागला. बोलण्यातले नाव एक आणि कागदावरचे दुसरे, अशा स्थितीत हे गाव पिढ्यानपिढ्या सुखाने नांदत आहे. 'कळंबा आणि कळंबे तर्फ ठाणे ही दोन्ही नावे एकाच गावाची होत' असे प्रतिज्ञापत्र आजवर कोणी या गावाकडे मागितलेले नाही. गावाला जी सवलत आहे ती गावातल्या लेकीसुनांना मात्र नाही.

लग्नसराई सरली की या गावातून, आणि महाराष्ट्रातल्या अशा शेकडो गावांतून, नव्या सुना कागदांच्या पिशव्या घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागतात. कोणाचा नवरा आखातात नोकरीला असतो, कोणाचा पुण्याच्या संगणक कंपनीतून परदेशी पाठविला जाणार असतो, कोणी स्वतःच परिचारिका म्हणून बाहेर निघालेली असते, तर कोणाच्या सासऱ्यांनी हौसेने नवदांपत्याची विमानाची तिकिटे काढून ठेवलेली असतात. तिकिटावर नाव असते सासरचे आणि पारपत्रावर असते माहेरचे. विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला लग्नपत्रिका दाखवून भागत नाही. तिकिटावरचे नाव व पारपत्रावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे, एवढेच त्याला ठाऊक असते, आणि त्याचे काही चुकते असेही नाही.

हा पेच केवळ आडनावाचा असता तर तो जगातल्या पुष्कळ स्त्रियांचा समान पेच ठरला असता. महाराष्ट्रात त्याचे स्वरूप वेगळे आहे, आणि ते येथील नामपद्धतीतून आलेले आहे. इंग्लंड-अमेरिकेत लग्नानंतर बदलले तर आडनाव बदलते. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी आडनाव नसतेच, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर जाऊन पतीच्या नावाचे येते. मराठी वधूचे मात्र मधले नाव बदलते, आडनाव बदलते, आणि घरची हौस असेल तर पहिले नावही बदलते. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताम्हणात तांदूळ पसरतात आणि वर सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहितो. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो क्षण मोठा मंगल वाटतो. वीस-पंचवीस वर्षे ज्या नावाने शाळेच्या हजेरीपटावर 'उपस्थित' म्हटले, ज्या नावाने शालान्त परीक्षा दिली, शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतली, बँकेत पहिले खाते उघडले, ते नाव तांदळाच्या एका थराखाली जाते. तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात परत भरले जातात. कागद मात्र कोणत्याही डब्यात जात नाहीत. ते जन्मभर साक्ष देत राहतात.

या प्रथेचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरशीच जोडलेले आहे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मलेल्या यमुना गणपतराव जोशी नवव्या वर्षी आनंदी गोपाळ जोशी झाल्या. योगायोगाने सासर व माहेर या दोन्हीकडचे आडनाव एकच होते. ते तेवढे टिकले, बाकी सारे गेले. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, अमेरिकेत पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. आज ज्याला सारे 'सीपीआर' म्हणतात तेच हे रुग्णालय. तेथे रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली.

त्यांच्या प्रवासासंबंधी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला धर्माने अडविले, समाजाने अडविले, पैशाने अडविले; पण 'यमुना कोण आणि आनंदी कोण' असे विचारून कोणत्याही कारकुनाने अडविले नाही. त्या काळी सामान्य प्रवाशाला पारपत्राची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आली, आणि युद्ध संपल्यावर जावयाची सोडून १९२० च्या कायद्याने हिंदुस्थानात पक्की झाली. तात्पुरती म्हणून आलेली सरकारी बंधने कायमची होण्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको.

स्वतंत्र भारतात परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच एक भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली स्पष्ट केले आणि त्यापाठोपाठ त्याच वर्षी संसदेने पारपत्र कायदा केला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात हे तत्त्व आणखी विस्तारले. म्हणजे पारपत्र ही सरकारने दिलेली भेट नसून नागरिकाच्या मूलभूत हक्काच्या वापराचे साधन आहे. ते साधन मिळविताना वा राखताना विवाहित स्त्रीला अविवाहित स्त्रीपेक्षा, आणि कोणत्याही पुरुषापेक्षा, अधिक कागद जोडावे लागत असतील, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न उरत नाही.

खर्च कोणाच्या माथी?

लग्नामुळे वराच्या कागदपत्रांतील एक काना-मात्राही बदलत नाही. वधूच्या बाबतीत आधारपत्र, पॅन, बँकेचे खाते, मतदारयादी, शिधापत्रिका, विम्याचे कागद आणि पारपत्र, अशी रांगच उभी राहते. पारपत्र नव्या नावाने पुन्हा काढावयाचे तर छत्तीस पानी पुस्तिकेचे साधे शुल्क दीड हजार रुपये आहे. तातडीने हवे तर आणखी दोन हजार. आधारपत्रावर नाव जन्मात दोनदाच बदलता येते. एकदा ते सासरचे करून घेतले आणि पुढे संसार मोडला, तर दुसरी व अखेरची संधी माहेरच्या नावासाठी खर्ची पडते. त्यात कारकुनाच्या हातून एखादे अक्षर चुकले की राजपत्राचा रस्ता धरावा लागतो.

शुल्काचे आकडे तसे फार मोठे नाहीत. मोठा आहे तो न दिसणारा खर्च. एखादी शिक्षिका किंवा कारकून या कामासाठी किती किरकोळ रजा खर्च करते, रोजंदारीवरच्या बाईचे किती दिवस बुडतात, सोबत येणाऱ्या भावाचा वा नवऱ्याचा किती वेळ जातो, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. अर्थशास्त्रात याला व्यवहारखर्च म्हणतात. कर बसविताना त्याचा भार अखेर कोणावर पडतो हे पाहण्याची शिस्त या शास्त्राने लावून दिली आहे. त्या कसोटीवर पाहिले तर नाव बदलण्याची प्रथा हा विवाहावरील एक अप्रत्यक्ष कर आहे. तो ठरवितो समाज, वसूल करतात निरनिराळी खाती, आणि भरते एकटी वधू. पुरुषांवर त्याचा शून्य भार असल्यामुळे तो कमी करण्याची घाई कोणाला वाटत नाही, एवढेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण असावे.

त्यातच प्रतिज्ञापत्रांची हौस. शासकीय कार्यालयांत सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांकशुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ सालीच माफ केले. असे असूनही मुद्रांकाच्या कागदासाठी धावणारी माणसे आजही कचेऱ्यांच्या आवारात दिसतात, कारण खिडकीमागून तो मागितला जातो आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्याला शासननिर्णय पाठ नसतो. 'मी अमुक आणि मी तमुक एकच' असे शपथेवर लिहून देण्याचा हा व्यवसाय कचेरीबाहेरच्या कितीजणांची चूल पेटवितो, हा संशोधनाचा एक रोचक विषय होईल.

नियम सैल झाले, रूढी नाही

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्राचे नियम पुष्कळ सोपे केले. विवाहित अर्जदाराला सरसकट विवाह-प्रमाणपत्र जोडण्याची सक्ती राहिली नाही. आईवडील दोघांऐवजी एकाचेच नाव दिले तरी चालेल असे ठरले. विभक्त वा घटस्फोटित अर्जदाराला जोडीदाराचे नाव लिहिणे वा घटस्फोटाचा हुकूमनामा दाखविणे भाग राहिले नाही. घोषणापत्रे साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने घेतली जाऊ लागली. एप्रिल २०१७ मध्ये तर पंतप्रधानांनीच जाहीर केले की, लग्नानंतर पारपत्रावरील नाव बदलण्याची स्त्रियांना गरज नाही. त्याच वर्षापासून टपाल खात्याच्या इमारतींत पारपत्र सेवा केंद्रे उघडू लागली. कोल्हापुरातही असे केंद्र आल्याने दर कामासाठी पुण्याची गाडी पकडण्याचे संकट टळले. २०२५ मध्ये आणखी एक सवलत आली: जोडीदाराचे नाव पारपत्रात घालण्यासाठी विवाह-प्रमाणपत्र नसेल, तर पती-पत्नींच्या सह्यांचे, एकत्र छायाचित्र असलेले घोषणापत्र चालेल.

या शेवटच्या सवलतीकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. दोघे एकत्र नांदत असतील तर ती उपयुक्तच आहे. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकले आहे, जिचा घटस्फोट झालेला नाही आणि नवरा सहीला उभा राहत नाही, तिच्या हाती काय पडते? विवाहिता म्हणावे तर नवऱ्याची सही नाही, घटस्फोटिता म्हणावे तर न्यायालयाचा कागद नाही. महाराष्ट्रात परित्यक्तांचा प्रश्न अनेक वर्षे चळवळींनी लावून धरला आहे. तो केवळ पोटगीचा व शिधापत्रिकेचा नाही, नावाचाही आहे. ज्या नवऱ्याने घराबाहेर काढले त्याचेच नाव मध्यभागी मिरवीत ही स्त्री रांगेत उभी असते.

याच वृत्तीचे एक प्रतिबिंब दिल्लीत दिसले. लग्नानंतर घेतलेले आडनाव सोडून माहेरचे नाव परत घ्यावयाचे असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत किंवा पतीचे ना-हरकत पत्र आणा, अशी अट केंद्राच्या राजपत्रविषयक अधिसूचनेत होती. २०२४ च्या आरंभी एका महिलेने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मुलीचे नाव बदलून सुनेचे करताना माहेरच्या बापाची हरकत आहे की नाही हे कोणी विचारीत नाही. ते परत मागताना मात्र पतीची संमती हवी! नाव ही उसनवारीची वस्तू असून ती धन्याला विचारल्याविना परत नेता येत नाही, असाच याचा अर्थ होतो.

आणि येथेच नियमाचा व रूढीचा रस्ता वेगळा होतो. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे भारतातील कोणताही कायदा सांगत नाही. लग्नामुळे पारपत्र बाद होते असेही नाही; त्याची दहा वर्षांची मुदत माहेरच्या नावावरही पुरी होते. असे असता नाव न बदलणाऱ्या मुलीला 'तुला आमचे नाव नको काय?' हा प्रश्न दिवाणखान्यात ऐकावा लागतो, आणि 'तुम्ही यांच्या पत्नी कशावरून?' हा प्रश्न खिडकीवर. बदलले तर कागद जुळत नाहीत, न बदलले तर माणसे जुळत नाहीत. पुष्कळ मुली मग दोन्ही नावे बाळगतात: नोकरीत एक, घरी एक, पदवीवर एक, आधारपत्रावर दुसरे. ही तडजोड गावात चालून जाते. परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशाच्या वेळी पदवीवरचे नाव पारपत्रावरच्या नावाशी ताडून पाहिले जाते, तेव्हा ती उघडी पडते.

पारपत्रातील रकानेही मराठी नावाला फारसे मानवत नाहीत. तेथे दोनच जागा आहेत: दिलेले नाव व आडनाव. त्यामुळे मधले नाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसते. परिणामी मराठी विवाहितेच्या 'दिलेल्या नावा'त नवऱ्याचेही नाव येते आणि परक्या देशातील अधिकारी तिला तिच्या व नवऱ्याच्या जोडनावाने हाक मारतो. आपल्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेण्याची रीत होती; पारपत्राने ते बाईच्या स्वतःच्या नावातच घालून ठेवले. खालच्या बाजूच्या, यंत्राने वाचावयाच्या ओळीत सबंध नावासाठी एकोणचाळीस अक्षरांची जागा असते. तेव्हा माहेर-सासर दोन्हीकडची सारी नावे जोडून घेण्याचा जो मार्ग काही सुशिक्षित कुटुंबांनी काढला आहे, त्यालाही एक लोखंडी मर्यादा आहे.

याबाबतीत महाराष्ट्र शासनाचा २०२४ चा निर्णय मुद्दाम तपासण्यासारखा आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासनाने घालून दिला. आईचे नाव कागदावर आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण त्याच निर्णयाने विवाहितेच्या बाबतीत जुनीच पद्धत, म्हणजे तिचे नाव, पतीचे नाव व आडनाव, पुढे चालू ठेवली. मालमत्तेच्या कागदांत माहेरचे नाव लावण्याची मुभा मात्र दिली. आता २०२४ मध्ये जन्मलेली मुलगी २०४२ मध्ये अठरा वर्षांची होईल. पुढे तिचे लग्न झाले आणि नाव रूढीप्रमाणे बदलले तर आईचे व वडिलांचे अशी दोन्ही नावे एका दमात पुसली जातील. मुलाच्या नावातली आई जन्मभर राहील. मुलीच्या नावातली आई लग्नापर्यंतची पाहुणी ठरेल. शासनाने आईला जागा दिली ती मुलाच्या घरात कायमची आणि मुलीच्या घरात भाडेकरू म्हणून.

नाव बदलावे की नाही, हे ज्या त्या स्त्रीने ठरवावे. आपल्या इच्छेने, आनंदाने सासरचे नाव घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि माहेरचे नाव म्हणजे तरी बापाचेच नाव नव्हे काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. कुटुंबाचे एक नाव असावे ही इच्छाही समजण्याजोगी आहे. आक्षेप आहे तो निवडीला नव्हे, निवड नसण्याला. जी गोष्ट खरोखर ऐच्छिक असते ती थोड्या तरी पुरुषांनी स्वीकारलेली दिसते. पत्नीचे आडनाव घेतलेला पती कळंब्यातच काय, सबंध करवीर तालुक्यात सापडणे कठीण आहे.

जगात या पेचातून निरनिराळ्या समाजांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळापासून, १७९४ च्या कायद्याने, जन्मनाव हेच नागरिकाचे कायदेशीर नाव मानले जाते. लग्नानंतर पतीचे नाव 'वापरातले नाव' म्हणून पारपत्रावर वेगळे नोंदविता येते, मूळ नाव हलत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८१ मध्ये आणि ग्रीसने १९८३ मध्ये लग्नानंतरही जन्मनावच चालावे असा कायदा केला. क्वेबेकची तऱ्हा काहीशी टोकाची; तेथे पतीचे नाव घेण्याची हौस असली तरी ती कायद्याच्या कागदावर भागत नाही. याच्या उलट टोकाला जपान. तेथे पती-पत्नींचे एकच आडनाव असले पाहिजे असे नागरी कायदा सांगतो, आणि शंभरातील सुमारे पंचाण्णव जोडप्यांत ते पतीचे असते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ व २०२१ अशा दोन वेळा हा नियम उचलून धरला. तरीही नोकरदार स्त्रियांची परदेशी अडचण होते हे मान्य करून जपानने पारपत्रावर जुने आडनाव कंसात छापण्याची सोय ठेवली आहे. अमेरिकेत ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासालाही कडक प्रमाणित ओळखपत्र लागू झाले. नाव बदललेल्या विवाहितांना ते काढताना जन्मदाखल्यापासून आजच्या नावापर्यंतची साखळी विवाह-प्रमाणपत्रांनी जोडून दाखवावी लागते. कळंब्याच्या बाईने एवढ्यावरून समाधान मानावे असे मात्र नाही.

भारताने १९९३ मध्ये स्त्रियांवरील भेदभाव दूर करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. १९७९ च्या या कराराच्या सोळाव्या कलमात कुटुंबनाम निवडण्याचा पती-पत्नींचा समान हक्क नमूद आहे. त्याच कलमाच्या बाबतीत भारताने आपले राखीव निवेदन जोडले, की कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्याच्या पुढाकाराखेरीज हस्तक्षेप केला जाणार नाही. म्हणजे पुढाकार समाजाने घ्यावयाचा. तसा तो घेता येतो, याचा दाखला लांब शोधावयास नको. कोल्हापूर जिल्ह्यातीलच शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि काही दिवसांतच राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. त्याआधी शतकभर, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. रूढीच्या ताब्यातील गोष्ट कायद्याच्या प्रकाशात आणण्याची सवय या मातीला नवी नाही.

नोंद कोठे अडते?

साऱ्या पेचाची किल्ली अखेर एका कागदात आहे, तो म्हणजे विवाहाची नोंद. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला. महाराष्ट्रात त्याआधीच १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा होता आणि खेड्यात ती नोंद ग्रामपंचायतीत होऊ शकते. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून विवाहाची नागरी नोंद हा लग्नाचाच एक भाग समजला जातो; तेथे लग्न झाले आणि दाखला नाही असे सहसा घडत नाही. आपल्याकडे मांडव, वाजंत्री, आहेर, जेवणावळी यांत काही उणे राहत नाही, आणि दाखल्याची आठवण होते ती तिकीट काढल्यावर! मग लग्नपत्रिका शोधा, साक्षीदार गोळा करा, भटजींची सही आणा, अशी धावपळ सुरू होते. लग्न होऊन वर्षे लोटली असतील तर भटजी हयात असतीलच असेही नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण' योजनेच्या अर्जांसाठी सेतू केंद्रांपुढे ज्या रांगा लागल्या त्यांत हाच गोंधळ गावोगाव उघडा झाला. जन्माचा वा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधारपत्र सासरच्या नावाचे, बँकेचे खाते तिसऱ्याच लेखनाचे. परदेशी जाणाऱ्या सुशिक्षित मुलीचा आणि दीड हजार रुपयांसाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतमजूर बाईचा प्रश्न मुळात एकच आहे, हे त्या निमित्ताने तरी कळावयास हवे होते. याच्याशी तुलना करावी ती एस. टी. च्या लाल गाडीची. मार्च २०२३ पासून तेथे स्त्रियांना निम्मे भाडे पडते, आणि वाहक नाव विचारीत नाही, माहेर विचारीत नाही, नवरा विचारीत नाही. सरकारी प्रवासाच्या साऱ्या व्यवस्थेत बाईला केवळ बाई म्हणून स्वीकारणारे हे बहुधा एकमेव वाहन असावे.

उपाय फार अवघड आहेत असे नाही. विवाह-प्रमाणपत्रावरच वधूचे विवाहापूर्वीचे पूर्ण नाव आणि विवाहानंतर ती जे नाव वापरू इच्छिते ते नाव, मग ते जुनेच का असेना, असे दोन्ही स्पष्ट छापले, आणि हा एकच कागद बँकेपासून पारपत्रापर्यंत पुरेसा मानला, तर 'एकच व्यक्ती' असल्याच्या प्रतिज्ञापत्रांचा सारा बाजार उठून जाईल. वधूने काहीच लिहिले नाही तर जन्मनाव कायम समजावे. आज मौनाचा अर्थ सासरचे नाव असा घेतला जातो, तो उलटा करावा. पारपत्रावर फ्रान्सप्रमाणे वापरातल्या नावाला वेगळी ओळ द्यावी. परित्यक्तेला पतीच्या सहीवाचून स्वतःच्या घोषणेवर जन्मनाव परत मिळावे. आणि शासनाला २०२४ चा आपलाच निर्णय पुरा करावयाचा असेल, तर लग्नानंतरही स्त्रीच्या नावात आईचे नाव राहू शकेल अशी दुरुस्ती करावी. यांपैकी कशालाही तिजोरीतून मोठी रक्कम काढावी लागणार नाही. खर्च कमीच होईल, कारण एका माणसाची ओळख सात खात्यांनी सात वेळा तपासण्यापेक्षा एकदा नीट नोंदविणे स्वस्त असते.

ग्रामपंचायतीला तर शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. लग्नसराईत गावातल्या कार्यालयात भटजी असतात, छायाचित्रकार असतो, आचारी असतो; नोंदणीचा अर्ज घेऊन बसणारा ग्रामपंचायतीचा माणूस तेवढा नसतो. साक्षीदार तेथेच आहेत, वधूवर तेथेच आहेत, शेकडो लोकांसमोर लग्न लागलेले आहे. अक्षता पडल्यावर तासाभरात नोंद होऊ शकते. हेरवाडला जे जमले ते कळंब्याला जमू नये असे काही नाही.

तोवर ज्यांच्या प्रवासाची तारीख ठरली आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, माहेरच्या नावाचे पारपत्र लग्नाने शिळे होत नाही. तिकीट मात्र त्याच नावाने काढावयाचे. सासरे हौसेने नव्या सुनेचे तिकीट काढण्यास निघाले, तर त्यांच्या हाती लग्नपत्रिका न देता पारपत्राचीच प्रत द्यावी.